घोडा काढायचाय? आधी कुणाचा ते ठरवा

"पेंटर, हॉलसाठी सात घोडे पाहिजेत. पांढरे, पळणारे. तोंडं घराच्या आत येणारी."

महिन्यातून एखादा तरी असा फोन येतोच. मी सांगलीत राहतो, वय अठ्ठावन्न. दुकानांचे बोर्ड, ट्रकच्या पाट्या, डेअऱ्यांच्या भिंती रंगवण्यात निम्मं आयुष्य गेलं. फ्लेक्स आला, बोर्डाचा धंदा बसला आणि त्यानंतर आमचं घर घोड्यांनीच ओढलं. त्यामुळे सात घोड्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. सूर्याच्या रथाला सात घोडे, त्यांना गायत्री, अनुष्टुभ, त्रिष्टुभ अशी छंदांची नावं. कल्पना सुरेखच आहे. पण धंद्यातलं एक गुपित सांगतो. सात घोड्यांचे पाय होतात अठ्ठावीस. बाजारातल्या चित्रांत घोड्यांच्या पायाखाली कायम समुद्राचं पाणी नाहीतर धुरळा का उडत असतो, ते आता ओळखा. पाय काढायला लागू नयेत म्हणून! मीही तेच केलंय, आणि पैसेही घेतलेत.

रविवारी माझ्याकडे चार-पाच जण शिकायला येतात. त्यांना पहिल्याच दिवशी सांगतो, सात नको, एकच काढा. पळणारा नको, उभा काढा. आणि पेन्सिल उचलायच्या आधी तो घोडा कुणाचा आहे ते ठरवा.

मिरजेहून एक नर्सबाई यायच्या. मोबाइलवर परदेशी काळ्या घोड्याचा फोटो घेऊन आल्या होत्या, आयाळ वाऱ्यावर, पाठीमागं विजा चमकतायत. मी विचारलं, "हा कुठं भेटला तुम्हाला?" बाई गप्प झाल्या. मग हळूहळू निघालं. लग्नानंतर दोघं पाचगणीला गेले होते. टेबललँडवर एका घोड्यावर बसल्या, नवरा घाबरून बसलाच नाही, लगाम धरून शेजारून चालत राहिला. नवरा आता नाही. मी म्हटलं, मग तो घोडा काढा की! तीन महिने लागले. शेवटी कागदावर एक बारकं, थकलेलं तट्टू आलं, कपाळावर प्लॅस्टिकच्या फुलांची माळ आणि लगामावर एक हात. माणूस नाही, मनगटापर्यंतचा हातच. ते चित्र मला मागूनही मिळालं नाही.

माझ्या बाबतीत म्हणाल तर माझा घोडा म्हणजे एक घोडी आहे, चंद्री. कपाळावर चांद होता म्हणून चंद्री. माझ्या आजोबांचा मिरज स्टेशनवर टांगा होता. आमच्या घरात तिचा एकच फोटो आहे, 1964 च्या सुमाराचा. आबा टांग्यावर ताठ बसलेत, शेजारी चौदा वर्षांची आत्या, अंगात नवं परकर-पोलकं. मागं चाक, पुढं चंद्रीची पाठ, मान सुरू होते आणि तिथं फोटो संपतो. फोटोवाल्यानं माणसं मधोमध घेतली, घोडीचं डोकं बाहेर राहिलं. चंद्री 1966 मध्ये गेली, मी त्यानंतर जन्मलो. म्हणजे मी कधीच न पाहिलेल्या घोडीचं, फोटोत न आलेलं डोकं चाळीस वर्षं काढतोय.

बघायला कुठं जायचं

आता टांगे गेले. तरी सांगलीत घोडा बघायचा असेल तर लग्नसराईत मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला जा, रात्री दहानंतर. पुढं वरातीत नाचणारा घोडा काढायच्या भानगडीत पडू नका. वरात आत गेली की मागं तोच घोडा झूल उतरवून, खांबाला बांधून उभा असतो. अंगावर घामाचे पट्टे, एक मागचा पाय ढिला सोडलेला, खुराचं नुसतं टोक जमिनीला. घोडा उभ्या उभ्या डुलकी काढतो. पायांचे सांधे आतून अडकवून धरणारी कंडरांची, म्हणजे चिवट शिरांची, रचना त्याला असते, म्हणून स्नायूंवर फारसा भार येत नाही. त्या वेळी मागच्या दोन पायांपैकी एकावर वजन आणि दुसरा विश्रांतीला. वजनाच्या बाजूचा पुठ्ठा, म्हणजे मागचा मांसल भाग, वर चढतो, दुसरा खाली उतरतो. एवढी एक तिरकी रेघ पकडली तरी चित्रात जीव येतो. घोडेवाल्याला आधी विचारा, त्याला एक चहा पाजा. फुकट बघू नये.

साताऱ्याकडे जाणार असाल तर पाचगणी-महाबळेश्वरला घोडे आहेतच. दुपारी पर्यटक जेवायला गेले की तेही माना टाकून उभे असतात. हलणाऱ्या जनावराची धास्ती वाटत असेल तर प्रतापगडावर जा. तिथला महाराजांचा अश्वारूढ पुतळा, 1957 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते अनावरण झालेला. ब्राँझचा घोडा हलत नाही, लाथ मारत नाही. खालून बघताना छाती केवढी मोठी दिसते आणि डोकं किती लहान होतं ते नीट बघून घ्या.

वही साधी चालेल, पण हातात काळं बॉलपेन ठेवा. त्याला कारण आहे. ऑगस्ट 2019 च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली तेव्हा आमच्या खोलीत छातीभर पाणी होतं. कॉटखाली ठेवलेल्या वह्या आठ दिवसांनी हाती आल्या. पोस्टर कलरचे घोडे विरघळून नुसती तपकिरी पानं उरली होती. कोळशाचे पुसले गेले. बॉलपेनचे मात्र जसेच्या तसे, कारण ती शाई तेलातली. फोटो माळ्याजवळ खिळ्याला होता म्हणून वाचला. आणखी एक, बॉलपेन खोडता येत नाही, त्यामुळे माणूस रेघ मारायच्या आधी बघतो.

मापाचं माप डोकं

घोड्याच्या मापाची पट्टी त्याच्याच मानेवर असते. कानाच्या मुळापासून ओठापर्यंत जी लांबी, ते एक डोकं. छातीच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत साधारण अडीच डोकी. मानेच्या मुळाशी खांद्यावर जो उंचवटा असतो तिथपासून जमिनीपर्यंतही साधारण अडीच. म्हणजे धड आणि पाय मिळून जवळजवळ चौकोन होतो. शिकाऊ माणूस हमखास धड लांब करतो आणि घोड्याची मुंगसासारखी चण होते. आधी चौकोन टाका, मग त्यात घोडा उभा करा.

पण हे माप चांगल्या उंच जनावराचं. इंटरनेटवरचे सगळे फोटो रेसच्या घोड्यांचे असतात, खांद्याला पाच फूट चार इंचांच्या आसपास. आपल्याकडचं टांग्याचं तट्टू सव्वाचार फुटांचं. भीमा-नीरेच्या काठची ती भीमथडी तट्टं ज्यांनी मराठ्यांच्या स्वाऱ्या पाहिल्या, ती काही उंचीसाठी नावाजलेली नव्हती; चिवट होती, कमी चाऱ्यावर डोंगर चढायची. तट्टाचं डोकं अंगाच्या मानानं थोडं मोठं, पोट गोल, पाय आखूड. आजोबांचं तट्टू काढायचं आणि त्याला विलायती लांब पाय लावायचे, हे म्हणजे आपल्या म्हाताऱ्याला सूट घालून फोटो काढण्यासारखं आहे.

पाय, जिथं सगळ्यांचं घोडं अडतं

मी विशीत असताना एका गॅरेजच्या भिंतीवर घोडा काढला होता. मालक खूश. आबा तेव्हा थकले होते, तरी काठी टेकत बघायला आले. बराच वेळ बघून म्हणाले, "झकास हाय. पर हे घोडं पळणार हाय का मांडी घालून बसणार हाय?" मागच्या पायाचा मधला सांधा मी माणसाच्या गुडघ्यासारखा पुढं वाकवला होता.

तेव्हापासून मी शिकवताना हे करायला लावतो. उजवा हात टेबलावर मधल्या बोटाच्या टोकावर उभा करा, मनगट वर उचलून. आता बघा: तुमचं नख म्हणजे खूर. बोट म्हणजे खुराच्या वरचा तिरका भाग. तळवा म्हणजे बारीक नळी. आणि घोड्याच्या पुढच्या पायाला आपण ज्याला गुडघा म्हणतो, ते तुमचं मनगट आहे. त्याचं खरं कोपर वर पोटाच्या रेषेला चिकटलेलं असतं. मागच्या पायात तो मागं टोक काढणारा सांधा म्हणजे टाच, आणि खरा गुडघा वर, कुशीपाशी. घोडा चारही पायांवर एकेका बोटाच्या टोकावर उभा असतो. हे एकदा हातानं कळलं की पुन्हा पाय उलटा वाकत नाही.

दुसरी गोष्ट, पुढच्या गुडघ्याखाली आणि मागच्या टाचेखाली मांस नसतंच म्हणा ना, हाड आणि शिरा. तिथं गोलाई देऊ नका, रेघ कडक ठेवा. वरचं सगळं मांसल, खालचं सगळं काठीसारखं. शिवाय घोड्याला माणसासारखं गळ्याजवळचं आडवं हाड नसतं. त्याचं धड पुढच्या दोन पायांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेलं असतं. समोरून काढताना छाती पायांवर ठेवलेली दिसली तर चुकलं; ती पायांच्या मध्ये लोंबायला हवी.

तिसरी युक्ती बोर्डाच्या धंद्यातली. अक्षरं रंगवताना कसलेला पेंटर अक्षराकडे कमी आणि दोन अक्षरांमधल्या जागेकडे जास्त बघतो. 'मिरज' लिहिताना 'र' आणि 'ज' यांच्यातली फट चुकली की बोर्ड बोबडा वाटतो. घोड्याचे चार पाय तसेच. पाय काढूच नका, पायांमधल्या फटी काढा. पोटाखालची मोठी फट, मागच्या दोन पायांमधला उलटा निमुळता तुकडा, पुढच्या दोघांमधली चीर. या तीन फटींचे आकार बरोबर आले की पाय आपोआप उभे राहतात.

डोकं

डोकं म्हणजे एक चपटी पेटी, पुढं निमुळती होत जाणारी. डोळा पेटीच्या बाजूला बसतो, समोर नाही. म्हणून समोरून बघताना डोळे कडेला गेलेले दिसतात. जमिनीवरच्या प्राण्यांत घोड्याचा डोळा सगळ्यात मोठ्यांपैकी, आणि बाहुली आडवी लांबट, माणसासारखी गोल नव्हे. डोळ्यात पांढरं फार दाखवू नका. पांढरं दिसलं की घोडा घाबरलेला वाटतो. गडद तपकिरी भरा आणि वर आकाशाचा एकच ठिपका सोडा. नाकपुडी स्वस्थ असताना स्वल्पविरामासारखी असते, धापेला लागला की गोल होते.

कानांवर मी शिकणाऱ्यांचा एक पूर्ण रविवार घालवतो. आबा म्हणायचे, "घोडं तोंडानं कधीतरी बोलतंय, कानानं दिवसभर." घोड्याचे दोन्ही कान स्वतंत्र फिरतात, कान जिकडं, लक्ष तिकडं. दोन्ही पुढं म्हणजे समोर काहीतरी दिसलंय. मानेला चपटे दाबलेले म्हणजे राग, जवळ जाऊ नका. पण एक कान सरळ उभा राहून भोक मागं वळवलेला असेल तर तो राग नव्हे. तो मागच्या माणसाचं ऐकतोय. दाबलेला कान काढताना भोक दिसत नाही, कान मानेच्या रेषेत मिसळतो. वळलेल्या कानाची पाठ आपल्याकडे येते आणि कडेनं आतल्या केसांची बारीक झालर दिसते. चित्रात फरक पाच-सहा रेघांचा.

रंग

मी जलरंगात करतो, 300 जीएसएमचा कागद, ओला करून फळीवर ताणलेला. रंग चारच पुरतात: यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), अल्ट्रामरीन ब्लू (गडद निळा). ट्यूबमधला काळा घरी ठेवा. अंबर आणि अल्ट्रामरीन दाट मिसळलं की त्याच्यापेक्षा जिवंत काळा मिळतो.

कुमाईत घोडा, म्हणजे अंग तांबूस आणि आयाळ, शेपूट, पायांची टोकं काळी, हा नवशिक्यासाठी उत्तम. आधी सगळ्या अंगावर पातळ ऑकर. तो वाळायच्या आत पोटाकडे सिएना सोडा. उन्हात उभ्या घोड्याची पाठ पिवळी दिसत नाही, ती निळसर चकाकते, कारण खरारा केलेल्या तुकतुकीत केसांवर आकाश पडतं. तिथं कागद कोरा सोडा, नंतर अगदी पाणचट निळा फिरवा. उलट पोटाखाली जमिनीचा रंग वर उडतो. मुरमाड वाटेवर उभा असेल तर पोटाची सावली गरम तांबूस घ्या. केस एकेक काढू नका. ब्रश केसांच्या दिशेनं ओढला की झालं. कुशीत आणि कपाळावर भोवरे असतात, तिथं दिशा बदलते. घोडा घेताना जुनी माणसं हे भोवरे तपासून शुभ-अशुभ ठरवायची, चित्रकारानं निदान बघावेत तरी.

पांढरा घोडा म्हणाल तर बहुतेक पांढरे घोडे जन्मतः गडद असतात, वयानुसार केस पांढरे होत जातात, कातडी मात्र काळीच राहते. म्हणून तोंड, डोळ्यांभोवती, कोपराच्या खोबणीत राखाडी झाक द्या. नाहीतर तो चुन्याचा दिसतो.

पळवायचाच असेल तर

एवढं झाल्यावरच पळणारा घोडा. जुन्या चित्रांत पळणाऱ्या घोड्याचे पुढचे पाय पुढं आणि मागचे मागं ताणलेले असतात, उडत्या सशासारखे. फ्रान्सच्या जेरिकोनं 1821 मध्ये एप्समच्या शर्यतीचं चित्र काढलं, त्यातले घोडे असेच. मग 1878 मध्ये अमेरिकेत पालो आल्टोला एडवर्ड मायब्रिजनं धावपट्टीच्या कडेला 12 कॅमेरे ओळीनं लावले, घोडा जाताना दोरे तुटून एकेक कॅमेरा उडत गेला, आणि कळलं की चारही पाय हवेत असतात खरे, पण ताणलेले असताना नव्हे. पोटाखाली गोळा झालेले असताना. इतकी शतकं चित्रकार चुकत आले, तेव्हा तुम्ही चुकलात तर फार वाईट वाटून घेऊ नका.

डोळ्याला हे दिसत नाही, पण कानाला ऐकू येतं. साध्या चालीत चार सुटे टाप. दुडकीत दोनच, कारण तिरक्या रेषेतले पाय, पुढचा उजवा नि मागचा डावा असे, जोडीनं पडतात. टांग्याचं घोडं याच चालीनं जायचं. त्याहून वेगात तीन. आणि भरधाव सुटला की चार टाप झटपट आणि मग एक क्षण शांतता. ती शांतता म्हणजे पाय पोटाखाली गोळा. आबा रस्त्याकडे पाठ करून सांगायचे, कुणाचं घोडं कोणत्या चालीनं आलं.

भरधाव घोडा जवळून बघायचा तर आषाढीच्या वारीत माउलींची पालखी लोणंदहून तरडगावला जाते तेव्हा चांदोबाच्या लिंबाला जा. तिथं पहिलं उभं रिंगण. दोन अश्व, एकावर पताका घेतलेला स्वार, दुसरा रिकामा, म्हणजे त्यावर माउली. समोरून जायला दोन-तीन सेकंद लागतात. त्या वेळी वही काढू नका. एकच गोष्ट ठरवून बघा, एका वर्षी नुसती मान, दुसऱ्या वर्षी नुसते मागचे पाय. मी सहा वर्षं गेलो, तेव्हा कुठं एक घोडा पळाला. लोक टापांखालची माती कपाळाला लावत होते, मी पायांकडे बघत होतो. कुणी तरी मला ढकलून पुढं गेलं, बरोबरच होतं त्याचं.

चंद्री

गेल्या दिवाळीत मी दोन बाय तीन फुटांचं चित्र मिरजेला आत्याकडे नेलं. फोटोतलीच पाठ, तोच साज, आणि पुढं माझ्या मनानं मान आणि डोकं. कपाळावर चांद. दोन्ही कान पुढं, टवकारलेले; बोर्डवाल्याची सवय, टवकारलेला घोडा देखणा दिसतो. आत्या आता पंचाहत्तरीची. तिनं पदरानं चष्मा पुसला, चित्र खिडकीपाशी न्यायला लावलं.

"कान असं कसं रं काढलंस?"

"का?"

"ही काय रस्ता बघत जायची व्हय? रस्ता तिला पाठ होता. आबा दिवसभर बडबड करायचं आन् ही ऐकायची. डावा कान कायम मागं."

चित्र परत आणलं. डाव्या कानावर स्वच्छ पाण्याचा ब्रश फिरवून रंग भिजवला, टिपकागदानं उचलला, असं पाच-सहा वेळा. सिएना बऱ्यापैकी उठतो. अल्ट्रामरीनची थोडी झाक राहिली. कागद खरखरीत झाला, तो तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी कान मागं वळवला, पाठ आपल्याकडे, कडेनं झालर. बाकी एका रेघेलाही हात लावला नाही.

पुन्हा मिरजेला गेलो. आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मी म्हटलं, गंगेत घोडं न्हालं. मग म्हणाली, "आता तोबरा काढ. दुपारच्या चंदीच्या वक्ताला उपाशी उभी केलीस की तिला."

तोबरा म्हणजे दाण्याची पिशवी, ती तोंडाला बांधायची तर तोंड निम्मं झाकलं जाणार. नवा कागद फळीवर ताणून ठेवलाय.